मुलगा, मुलगी आणि स्वमग्नतेची भीती
(मंडळाच्या मासिक सभेत झालेले व्याख्यान)



मंडळाने मला या सभेला बोलावले त्याबद्दल मी आभारी आहे; पण आभारापेक्षा कौतुक अधिक वाटते ते आपण निवडलेल्या विषयाचे. डोहाळजेवणाला झोपाळा कसा सजवावा, बाळंतविड्यात काय काय असावे, यांवर आपण दुपारच्या दुपार बोलू शकतो. परंतु पोटुशी बाई रात्री या कुशीवरून त्या कुशीवर होताना जी काळजी एकटीच करीत असते, तिच्याविषयी चारचौघींत बोलण्याची आपल्याला सवय नाही. चिटणीसबाईंनी पंधरा दिवस आधी वाचनालयाच्या टेबलावर एक पेटी ठेवली आणि नाव न घालता प्रश्न लिहून टाका, असे सांगितले. पेटीत २६ चिठ्ठ्या निघाल्या. त्यांतल्या निम्म्याहून अधिक चिठ्ठ्यांत एकच शब्द होता: ऑटिझम, म्हणजे ज्याला आपण मराठीत स्वमग्नता म्हणतो. आणि बहुतेकींनी त्याच्या शेजारी दुसरा प्रश्न जोडला होता, "मुलगा असला तर?" एक चिठ्ठी तर अक्षरावरून आणि भाषेवरून एखाद्या होणाऱ्या वडिलांचीच दिसली. काळजी दोघांनी वाटून घेतली आहे, हे पाहून मला बरे वाटले.

आधी त्या शब्दाचे पाहू. स्वमग्न म्हटले की डोळे मिटून बसलेला कोणी योगी आपल्यासमोर येतो. मला हा शब्द फारसा पटलेला नाही. यांतली पुष्कळ मुले स्वतःतच रमलेली नसतात. त्यांना शेजारच्या मुलांत खेळायचे असते. पण त्या खेळात शिरायचे कसे, ही इतरांना आपसूक कळणारी रीत त्यांना कळत नाही. दुसरा बरा शब्द रूढ होईपर्यंत आपण हाच वापरू. हा ताप-खोकल्यासारखा आजार नव्हे. मेंदूची घडणच जन्माच्या आधीपासून थोड्या निराळ्या रीतीने होते. बोलणे, नजर, हावभाव यांची देवाणघेवाण अवघड जाते. एकच गोष्ट पुन्हापुन्हा करावीशी वाटते. कुकरची शिट्टी, गणपतीचे ढोल, नव्या झबल्याची शिवण यांचा काही मुलांना असह्य त्रास होतो. कोणी जन्मभर फारसे बोलत नाही, तर कोणी पदवीधर होऊन नोकरी करते. एकाच नावाखाली इतकी निरनिराळी माणसे येतात, म्हणून डॉक्टर याला एक मोठा पट्टा मानतात.

आता तो मुलग्यांचा प्रश्न. मुलग्यांत हे अधिक आढळते, ही गोष्ट खरी आहे. अमेरिकेत ठरावीक भागांतल्या आठ वर्षांच्या मुलांची नियमित मोजदाद होते. २०२२ सालची मोजदाद २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत ३१ मुलांमागे एकाला स्वमग्नता आढळली, आणि मुलींच्या ३.४ पट मुलगे होते. हा "साडेतीनपट" शब्द ऐकून छातीत धस्स होते. पण तीच गोष्ट हजारात मोजा. हजार मुलग्यांत सुमारे ४९ आणि हजार मुलींत सुमारे १४. म्हणजे पोटात मुलगा असला तरी हजारांतले साडेनऊशे या मोजदादीत येत नाहीत. आणि मुलगी असली म्हणून त्या घरातून काळजी उठून गेली, असेही नाही.

शिवाय या १४ च्या आकड्यावर माझा पुरता विश्वास नाही, आणि त्याला कारण आहे. हे सारे ज्ञान उभे कसे राहिले ते पाहा. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरांनी अकरा मुलांचे वर्णन केले. त्यांत आठ मुलगे आणि तीन मुली होत्या. पुढच्याच वर्षी व्हिएन्नाच्या हान्स अ‍ॅस्परगर यांनी चार मुलांच्या हकिकती सविस्तर लिहिल्या. ते चारही मुलगेच. या दोघांच्या कितीतरी आधी, १९२५ साली, मॉस्कोच्या ग्रून्या सुखारेवा या बाईंनी अशाच सहा मुलग्यांविषयी लिहिले होते, आणि दोन वर्षांनी त्यांनी मुलींविषयीही वेगळा लेख लिहिला. मुलींत हे कसे निराळे दिसते याकडे प्रथम लक्ष गेले ते एका बाईचे. पण तिचे नाव पुस्तकांत यायला फार वर्षे लागली. पुढे स्वमग्नतेच्या ज्या खुणा ठरल्या, ज्या प्रश्नावल्या तयार झाल्या, त्या बहुतांशी मुलग्यांवरून बेतलेल्या. एकीच्या मापाची चोळी दुसरीला बसली नाही, म्हणून दुसरीला अंगच नाही असे म्हणावे, तशातली ही गत झाली! २०१७ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी पूर्वीचे ५४ अभ्यास एकत्र पाहिले. जिथे संशोधकांनी आपणहून सगळी मुले तपासली होती, तिथे एका मुलीमागे चार मुलगे हे जुने प्रमाण तीनाच्या जवळ आले. याचा अर्थ, ज्या मुली दवाखान्यापर्यंत आणल्याच गेल्या नव्हत्या, त्या शोधल्यावर सापडल्या.

अशा मुली मी पाहिल्या आहेत. एक अकरा वर्षांची मुलगी माझ्याकडे पोटदुखीसाठी आली. रोज सकाळी शाळेच्या वेळेला दुखायचे, रविवारी नाही. तपासण्या सगळ्या स्वच्छ. आईने कौतुकाने सांगितले, "डॉक्टर, हिचा कधी त्रास म्हणून नाही. भांड्याला भांडे लावून ठेवील, विचारल्याशिवाय बोलणार नाही. सासूबाई तर म्हणतात, अशी गुणाची पोर आमच्या सात पिढ्यांत झाली नाही." मी मुलीला एकटीला बसवून विचारले, मधल्या सुट्टीत काय करतेस? ती म्हणाली, "मैत्रिणी हसल्या की मी हसते. का हसल्या ते घरी येऊन विचार करते." तिने एका वहीत लिहून ठेवले होते, कोणी काय म्हटले म्हणजे काय म्हणायचे. दिवसभर हे नाटक वठवून ती घरी येई, दप्तर टाकी आणि न्हाणीघरात जाऊन रडे. सहा वर्षांच्या शाळेत तिच्याविषयी एकही तक्रार आली नव्हती. तक्रार येणार कशी? मुलग्याने वर्गात पाटी आपटली तर दुसऱ्या दिवशी पालकांना बोलावणे येते. मुलगी गप्प बसली तर तिला शाबासकी मिळते.

मुलग्यांच्या बाबतीत आपली दुसरीच म्हण तयार असते. "मुलगे उशिराच बोलतात. याचा मामा चार वर्षांचा होईपर्यंत कुठे बोलत होता?" मुली सरासरीने बोलण्यात थोड्या पुढे असतात, हे खरे. पण हा फरक फार तर एकदोन महिन्यांचा. दोन वर्षांचे मूल एक शब्दही बोलत नसेल, तर त्याचा खुलासा "मुलगा आहे" एवढ्याने होत नाही. मामाचे उदाहरण देणाऱ्यांना मी नेहमी विचारते की मामा बोट दाखवून मागत होता का, हाक मारली की वळत होता का? ते मात्र कोणाला आठवत नाही. म्हणजे मुलगा असला की आपण वाट पाहतो आणि मुलगी असली की कौतुक करतो. दोन्हींत वर्षे जातात, आणि पहिली काही वर्षे तर फार मोलाची असतात. आपली मराठी भाषा या बाबतीत शहाणी आहे. ती पोटातल्या जिवाला "ते बाळ" म्हणते, जन्मल्यावरही पुष्कळ दिवस "ते मूल" म्हणते. त्या "ते"कडे नीट पाहायला आपण शिकले पाहिजे.

काय पाहायचे ते सांगते; हे आजी, आत्या, शेजारीण कोणीही पाहू शकते. वर्षाच्या आसपास मूल हाक मारली की वळते, टाटा करते, टाळ्या वाजवते, आपण हसलो की हसते. त्यानंतर थोड्याच महिन्यांत ते बोट दाखवू लागते, आणि या बोटाला मी फार महत्त्व देते. बिस्किटासाठी बोट दाखवणे निराळे आणि "ती बघ चिऊ" म्हणून बोट दाखवणे निराळे. चांदोबा दिसला की मूल आधी वर पाहते, मग आईच्या तोंडाकडे पाहते, आईने पाहिला की नाही याची खात्री करून घेते. त्याला चांदोबा नको असतो, पाहण्यात जोडीदार हवा असतो. दीड वर्षाच्या मुलात असे काहीच दिसत नसेल, दोन वर्षे झाली तरी "आई ये", "दूध दे" असे दोन शब्द ते स्वतःचे जोडत नसेल, किंवा कोणत्याही वयात येत असलेले शब्द जाऊ लागले, तर त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जावे. यांतली एखादी खूण दिसली म्हणजे स्वमग्नताच आहे असे नव्हे. परंतु "बघू पुढच्या दिवाळीपर्यंत" हे मात्र नको.

आता ज्या चिठ्ठ्या वाचून मला वाईट वाटले त्यांच्याकडे येते. "पाचव्या महिन्यात ग्रहणात भाजी चिरली." "यांच्याशी फार भांडण झाले, दोन दिवस जेवले नाही." "तापात क्रोसिन घेतली." "सोनोग्राफी चार वेळा झाली." भगिनींनो, आईला दोषी धरण्याची चाल फार जुनी आहे आणि ती केवळ आपल्याकडची नव्हे. अमेरिकेत १९५० आणि १९६० च्या दशकांत मोठमोठे विद्वान सांगत होते की आईच्या थंड वागणुकीने मूल असे होते. त्या बायांना "रेफ्रिजरेटर मदर" असे नाव पडले होते. आधीच जीव पोळलेला, त्यावर हे! १९६४ साली बर्नार्ड रिमलँड यांनी पुस्तक लिहून ही कल्पना खोडून काढली. ते स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. पुढच्या संशोधनाने त्यांची बाजू खरी ठरवली. २०१९ साली पाच देशांतल्या वीस लाख मुलांच्या अभ्यासात असे दिसले की यात सर्वांत मोठा वाटा आनुवंशिकतेचा आहे. पण यावरून "तुमच्या माहेरचे" आणि "तुमच्या घराण्यातले" असा वाद घालू नका. हे एका दाण्याचे काम नाही. शेकडो जनुकांचा त्यात हात असतो, आणि काही बदल तर आईतही नसतात, बापातही नसतात, बाळातच नव्याने होतात. ग्रहणाचा तर काही म्हणता काही संबंध नाही.

तापाच्या गोळीचे थोडे अधिक सांगायला हवे, कारण त्यावर पाच चिठ्ठ्या आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी जाहीरपणे सांगितले की गरोदर बायांनी पॅरासिटामॉल टाळावे, त्याने स्वमग्नता येते. ती बातमी आपल्या मोबाइलवर येऊन पोहोचली. जागतिक आरोग्य संघटनेने लगेच कळवले की असा संबंध सिद्ध झालेला नाही. त्याच्या आदल्या वर्षी स्वीडनमध्ये सुमारे २४ लाख ८० हजार मुलांचा अभ्यास झाला होता. त्यांत एकाच आईच्या दोन मुलांची तुलना केली, एकाच्या वेळी गोळी घेतलेली आणि दुसऱ्याच्या वेळी नाही, तेव्हा फरक दिसला नाही. गरोदरपणात अंगावर ताप काढणे हे त्या गोळीपेक्षा वाईट. डॉक्टरांना विचारून, हवी तेवढीच घ्यावी, म्हणजे झाले.

लसीची भीतीही अशीच. १९९८ साली इंग्लंडमध्ये अँड्र्यू वेकफील्ड यांनी केवळ बारा मुलांवरून गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीवर संशय घेणारा लेख लिहिला. २०१० साली 'लॅन्सेट' साप्ताहिकाने तो मागे घेतला आणि त्याच वर्षी त्यांचा वैद्यकीचा परवानाही गेला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. लसीने धोका वाढलेला आढळला नाही. खरी गंमत पुढेच आहे. आईला गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत रुबेला झाला, तर बाळाचे डोळे, कान, हृदय यांना इजा होते आणि अशा मुलांत स्वमग्नताही अधिक आढळली आहे. म्हणजे जी लस टाळायला लोक सांगतात, तीच यातला एक धोका टाळते! मात्र ही लस दिवस राहण्यापूर्वी, निदान एक महिना आधी घ्यायची असते, गरोदरपणात नव्हे. ज्यांच्या मुलींची लग्ने ठरली आहेत त्यांनी हे लक्षात ठेवावे. आणि फिट्सवर किंवा मनाच्या आजारावर व्हॅल्प्रोएट नावाचे औषध चालू असेल, तर मूल होऊ देण्याचा विचार मनात येताच डॉक्टरांना सांगावे. त्याने बाळाला अपाय होण्याचा धोका खरोखरीच आहे. पण ते आपल्या मनाने एकाएकी बंद करू नये. फिट्स येणे आई आणि बाळ दोघांनाही घातक.

"पोटात असतानाच तपासता येते का?" नाही. स्वमग्नता सोनोग्राफीत दिसत नाही, आणि ती ओळखणारी रक्ताची अशी एक तपासणी नाही. फ्रॅजाइल एक्ससारखे काही मोजके जनुकीय दोष घरात माहीत असतील, तर तेवढेच तपासता येतात. त्यापुढच्या एका चिठ्ठीत मात्र लिहिले आहे: "पहिला मुलगा असा आहे. दुसरी मुलगीच हवी, तर काही करता येईल का?" लिहिणारीचे दुःख मला कळते. तरीही स्पष्ट सांगते. गर्भाचे लिंग विचारणे आणि सांगणे हा दोन्हीकडून गुन्हा आहे. महाराष्ट्राने १९८८ साली देशात सर्वांत आधी असा कायदा केला, आणि १९९४ साली तो देशभरासाठी झाला. तो मुलींना वाचवण्यासाठी झाला. आता मुलगे नकोत म्हणून त्याला बगल देण्याइतके आपण खाली येऊ नये. शिवाय त्याचा उपयोगही नाही. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात वडील भावंड स्वमग्न असलेल्या बाळांना जन्मापासून पाहत गेले. त्यांतल्या दर पाचांपैकी एकाला स्वमग्नता आढळली. नव्या बाळांत मुलग्यांचे प्रमाण शेकडा २५ आणि मुलींचे १३. म्हणजे मुलगीही निर्धोक नाही. वडील भावंड मुलगी असेल तर तिच्या पाठच्या भावंडांत प्रमाण अधिक, शेकडा ३५ च्या जवळ. मुलीत स्वमग्नता उघड व्हायला जनुकांचा भार अधिक लागत असावा, असा काही संशोधकांचा तर्क आहे. तेव्हा त्या बाईंना माझे सांगणे इतकेच, की दुसरे मूल व्हावे की नाही हे तुम्ही दोघांनी ठरवा. आणि झाले तर, मुलगा असो वा मुलगी, त्याला नवव्या महिन्यापासून डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवा. पाचांतली चार मुले त्या अभ्यासात स्वमग्न नव्हती, हेही विसरू नका.

"अशा मुलाचे पुढे काय होते?" कॅनरसाहेबांच्या अकरा मुलांतला पहिला, डोनाल्ड ट्रिपलेट. त्याला तीन वर्षांचा असताना आईबापांनी डॉक्टरांच्या सल्ल्यावरून एका संस्थेत ठेवले होते आणि वर्षभराने परत घरी आणले. तो पुढे गावच्या बँकेत नोकरीला लागला, मोटार चालवायला शिकला, गोल्फ खेळला, देशोदेशी हिंडला आणि २०२३ साली ८९ व्या वर्षी वारला. गावाने त्याला सांभाळून घेतले होते, हे त्यातले मोठे कारण. सगळ्यांचे असे होत नाही, हे मी लपवणार नाही. काही मुलांना जन्मभर हात धरणारे कोणी लागते.

मदत मात्र पूर्वीपेक्षा पुष्कळ जवळ आली आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते. त्याच्यापुढे मुलाला न्यावे. अनेक जिल्हा रुग्णालयांत अशा मुलांसाठी वेगळे केंद्र आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता स्पष्टपणे आहे, म्हणून प्रमाणपत्र आणि शाळेतल्या सवलती मिळतात. आणि महागड्या तज्ज्ञावाचून काही होत नाही असेही नाही. आपल्या शेजारच्या गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत मिळून ६५ मुलांवर एक प्रयोग झाला, तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. तज्ज्ञ नसलेल्या, पण नीट शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनी सहा महिन्यांत बारा बैठकी घेऊन आईबापांना मुलाशी कसे खेळावे, त्याच्या इशाऱ्याची वाट कशी पाहावी हे दाखवले. मुले आपणहून आईकडे अधिक वळू लागली. असे काम आपल्या मंडळाच्या बालवाडीच्या दोन शिक्षिका शिकून करू शकणार नाहीत का? हे मी अध्यक्षीणबाईंकडे पाहूनच विचारते आहे.

शेवटची चिठ्ठी एका आजींची आहे. त्या लिहितात, "नात वीस महिन्यांची. हाक मारली तर वळत नाही, एकटीच झाकणे फिरवीत बसते. सूनबाईला सांगितले तर तिला वाटेल, सासू पोरीला नावे ठेवते. काय करू?" आजी, तुम्ही सभेत आहात की नाही मला ठाऊक नाही. सूनबाईंपुढे ऑटिझम हा शब्द काढूच नका. तुम्ही जे पाहिले तेवढेच सांगा, तेही मुलगा घरात असताना, दोघांना मिळून: "चार वेळा हाक मारली, वळली नाही, तिचे कान एकदा दाखवून आणू या का?" यात खोटे काही नाही, कारण आम्हीही पहिल्यांदा कानच तपासतो. मूल झोपलेले असताना मेंदूपर्यंत आवाज पोहोचतो का ते यंत्रावर पाहता येते; दुखत नाही, खुपत नाही. कान अधू निघाले तर त्याचा उपाय लगेच करता येईल. चांगले निघाले तर पुढची तपासणी कानाचे डॉक्टरच सुचवतील, तुम्हाला बोलावे लागणार नाही. जाताना फिरवायची ती झाकणेही बरोबर घ्या, तेवढा वेळ ती शांत बसेल. आणि सूनबाईंबरोबर तुम्हीही जा.